डाव्या हाताची गाठ

शेड सांभाळणाऱ्या ताईंनी मोबाईल पुढे धरला. सुनेनं ओले हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि वाकून पाहिलं. फोटोत एक अंगठा होता. जाडजूड, कामकरी माणसाचा, आणि त्याच्यावर पांढऱ्या पट्टीचं हे एवढं गाठोडं. शेजारी स्टीलच्या टेबलावर खेकडा. त्याची एक नांगी बांधलेली, दुसरी मोकळी, आणि मोकळ्या नांगीखाली सुतळीचा तुकडा लोंबत होता.

"तिकडच्या, परदेशातल्या बाजारातून आलाय," ताई म्हणाल्या. "खोकं उघडून बिचाऱ्यानं हात घातला आणि यानं धरलं. टाके पडलेत म्हणे."

"अरे देवा!"

"देवाला मागाहून हाक मार. सुतळीचं टोक कुठल्या बाजूला आहे ते बघ."

सुनेनं पाहिलं. तिला पाहायची गरज नव्हती, पण तरी तिनं जरा जास्तच वेळ पाहिलं.

"डावीकडं," ती म्हणाली.

शेडमध्ये खेकडे बांधणाऱ्या इतक्या बाया-माणसांत डावखुरा एकच होता. त्याला सगळे डावरे आबा म्हणायचे, आणि तो तिचा सासरा होता.

शेड खाडीच्या काठाला होतं. वर पत्रे, खाली कोबा, आणि सदानकदा ओलं. एका अंगाला जाड दाराची थंड खोली. तिच्यात कोळंबी गोठवून दगडासारख्या लाद्या रचलेल्या असायच्या. दुसऱ्या अंगाला जिवंत खेकड्यांचं काम. खाडीतून सकाळी खेकडे यायचे. ते धुवायचे, दाबून बघून पोकळ निघतील ते वेगळे काढायचे, भरलेले बांधायचे, ओल्या गोणपाटात थर लावून भोकांच्या खोक्यांत भरायचे. दुपारी गाडी यायची आणि खोकी विमानतळावर जायची. दुसऱ्या दिवशी लोक आंघोळी उरकतात न उरकतात तोवर खेकडा परमुलखातल्या बाजारात पोचलेला असायचा, डोळे हलवत. डोळे हलत नसले तर तिकडे त्याला कोणी हात लावत नसे. त्यामुळे सगळा धंदा दोन गोष्टींवर चालायचा. खेकडा मरता कामा नये, आणि त्यानं कुणाला धरता कामा नये.

"हे बघ," ताई म्हणाल्या, "मला हे काम आबांनी शिकवलंय. पाय कसा ठेवायचा इथपासून. मी त्यांना काय तोंडानं सांगू? पण तिकडचे म्हणतायत, आणखी एकदा असं झालं तर तुमच्या शेडचा माल घेणारच नाही. तेव्हा उद्यापासून त्यांना गोणपाटं भिजवायला बसव."

"मी सांगू?"

"मग काय मी सांगू?"

पलीकडे आबा आपल्या बुटक्या स्टुलावर बसून काम करत होते. खेकड्याच्या पाठीवर टाच टेकवायची, अगदी मोजका भार द्यायचा, एकेक नांगी आत मुडपायची, सुतळीचा फास, पोटाखालून फेरा, गाठ. आबांचं तोंड चालू होतं. कुठल्याशा खेकड्याची गोष्ट ते सांगत होते, आणि शेजारच्या बाया पोट धरधरून हसत होत्या.

"ताई," सून म्हणाली, "मला बांधणीवरून काढून भरणीला घ्या. त्यांचं खोकं आलं की मी एकेक खेकडा बघीन. सैल असला तर परत बांधीन. एकही निसटू देणार नाही."

"आणि किती दिवस करशील असं?"

"बघू की."

"बघू की म्हणे." ताईंनी मोबाईल खिशात टाकला. "बरं, भरणीला जा. पण एक जरी सुटला ना, तर मग मी ऐकायची नाही. नातंबितं बघणार नाही."

भरणीचं टेबल अर्ध्या भिंतीआड होतं. बांधलेले खेकडे तिथे खोक्यातून यायचे, आणि प्रत्येकाच्या खोक्याला ओळखीसाठी एकेका रंगाची चिंधी असायची. माल भरला की तीच चिंधी भरलेल्या खोक्यालाही बांधायची. आबांची चिंधी लाल. लाल चिंधीचं खोकं आलं की सून ते आपल्याकडे ओढायची, पाठ फिरवून खेकडे काढायची आणि गाठ अंगठ्यानं हलवून बघायची. सुरुवातीला कुठे एखादी सैल लागायची. मग जास्त लागायला लागल्या. गारठा वाढला तसा एक दिवस तिनं बघणं सोडून दिलं आणि लाल चिंधीचे सगळेच खेकडे ती नव्यानं बांधू लागली.

आबांच्या बोटांत काहीतरी झालं होतं, ते घरात तिला आधीच दिसलं होतं. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायला लागले होते. शर्टाची बटणं लावायला त्यांना वेळ लागायचा, आणि लागत नाहीत असं झालं की ते म्हणायचे, आजकाल बटणं शिवतात कशी कोण जाणे. एकदा जमिनीवर पडलेली सुई ते किती वेळ उचलत होते. ती दारातून बघत होती. शेवटी त्यांनी बोट ओलं करून सुई बोटाला चिकटवली आणि वर आणली, आणि कोणी पाहिलं नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहिलं. ती पटकन आत वळली.

लग्न होऊन आली तेव्हा तिला खेकड्याची भीती वाटायची. सासू नव्हती, आधीच गेली होती. नवरा विमानतळावर मालाच्या गोदामात हमाली करायचा, तिथेच चार जणांत खोली घेऊन राहायचा आणि सुट्टी मिळेल तेव्हा यायचा. घरात ती आणि आबा. पहिले कित्येक दिवस दोघांत बोलणंच नव्हतं. जेवायला वाढलं आहे, वाढ, पुरे, एवढंच. मग एक दिवस आबांनी अंगणात एक खेकडा आणून सोडला आणि म्हणाले, "चल, ये इकडं. याला तू जेवढी घाबरतेस त्याच्या दुप्पट हा तुला घाबरतो. ठेव पाय." त्या दिवसापासून बोलायला विषय मिळाला. घरात, वाटेवर, शेडमध्ये, दोघं खेकड्यांवर बोलत राहिले, आणि खेकड्यांच्या आडून बाकीचंही सगळं बोलून झालं.

आता तिचा सगळा दिवस सुतळी ओढण्यात जायचा. ओली सुतळी करवतीसारखी चालते. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या. खारं पाणी लागलं की त्या अशा चरचरायच्या की डोळ्यांत पाणी यायचं. भांडी घासताना ती मनगटानंच काम भागवायची.

"हात बघू," एका संध्याकाळी आबा म्हणाले.

"काही नाही. गारठ्यानं फुटलेत."

"बघू म्हटलं ना."

तिनं हात पुढे केले. आबांनी ते दिव्याकडे वळवून पाहिले आणि च्यक्‌ केलं. मग वाटीत तेल कोमट करून आणलं आणि तिच्या एकेका बोटाला लावायला लागले. त्यांची बोटं धड वळत नव्हती, म्हणून ते तळहातानंच चोळत होते.

"तू सुतळी फार जोरानं ओढतेस," ते म्हणाले. "किती वेळा सांगितलं तुला? आपल्याला खेकड्याला फाशी द्यायची नाहीये. हलक्या हातानं फेरा घ्यायचा, गाठीपाशी तेवढा झटका. माझे हात बघ. आहे एक तरी चीर?"

"नाही," ती म्हणाली.

"मग? शिक जरा."

"हो आबा."

तिला हसूही येत होतं आणि रडूही. तिनं मान खाली घातली. आबांना वाटलं, बोलणं लागलं तिला. ते गडबडीनं म्हणाले, "तसं तुझं काम वाईट नाही. ताई परवा म्हणत होती, तुमची सून चांगली आहे म्हणून."

नवऱ्याचा फोन आला की ती अंगणाच्या टोकाला जाऊन बोलायची.

"आबांना घरी बसव ना आता," तो म्हणाला. "झालं की त्यांचं करून."

"तुम्ही येऊन सांगा."

"मी सांगितलं तर ऐकतील का? तुझं ऐकतात."

"घरी बसून काय करतील? भिंती मोजतील?"

"म्हाताऱ्या माणसांनी आराम करायचा असतो."

"तुमच्या आबांना आराम करताना तुम्ही पाहिलंय कधी? मी पाहिलंय. तापात पडले होते तेव्हा. ताप परवडला, पण तो आराम नको."

तिकडून तो हसला. मग हळूच म्हणाला, "तुझे हात कसे आहेत?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आबांनी. मघाशी फोन केला होता त्यांनी. म्हणाले, तिला जरा समजाव, फार जोर लावते."

आणि मग धुकं पडलं.

खाडीवर धुकं नवं नव्हतं. सकाळी यायचं, उन्हानं विरायचं. पण या वेळी ते उठेचना. दुपारीसुद्धा बांधावरून समोरची खारफुटी दिसत नव्हती. पाण्यावर होडी आहे हे वल्ह्याच्या आवाजावरून कळायचं. विमानतळ इथून लांब, पण तिथेही हेच. गाडी नेहमीसारखी भरून गेली आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन आला. आबा शेजारीच होते, म्हणून तिनं फोनचा आवाज मोठा केला.

"एकही विमान उठलेलं नाही," तो सांगत होता. "गोदाम गच्च भरलंय. पाय ठेवायला जागा नाही. उठलंच एखादं तर आधी औषधांची खोकी जाणार, मग ज्यांचा नंबर आधी लागलाय ते."

"आपली कुठं आहेत?" आबांनी विचारलं.

"भिंतीकडेला. मी बघून आलो आत्ता. तोंडाला फेस आलाय त्यांच्या."

"पाणी मार."

"मारलं. प्यायच्या बाटलीनं मारलं, सायबाची नजर चुकवून. पण किती मारू? आत उकडतंय इतकं, एवढी माणसं, एवढा माल."

"पाठीवर नको मारू. गोणपाटावर मार. गोणपाट ओलं तर तो ओला."

"बरं आबा."

"आणि तू जेवलास का?"

"हो."

"खरं बोल."

तो पुन्हा खेकड्यांवरच बोलायला लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोकी परत आली. गाडी धुक्यातून दिवे लावून चालत्या माणसाच्या वेगानं आली. थंड खोलीतल्या कोळंबीचं काही बिघडलेलं नव्हतं. तिला आज न्या नाहीतर पुढच्या महिन्यात न्या, ती आपल्या लाद्यांत गोठलेली. पण खेकड्यांचा जीव कंठाशी आला होता. ताईंनी सगळ्यांना हाका घातल्या. सुतळ्या कापायच्या, आणि मोकळे करून शेडमागच्या जाळी लावलेल्या तळ्यात सोडायचे. जगतील तेवढे जगतील.

मेलेले आधी बाजूला निघाले. त्यांचा ढीग बघवत नव्हता. आबांनाच काय ती तरतरी आली होती. त्यांनी बाह्या वर केल्या.

"एकदम पाण्यात टाकू नका रे! दमलेत ते. आधी शिंपडा, जरा अंगात जीव येऊ दे, मग काठाला सोडा, आपापले जातील." असं म्हणत ते आपलं स्टूल घेऊन आले. "माझी लाल चिंधीवाली इकडं द्या. माझे मी सोडतो."

हे सुनेच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आबा, तुम्ही तळ्यावर थांबा ना," ती पुढे होत म्हणाली. "मी कापते सुतळ्या. तुम्ही सोडायचं बघा."

"कात्री चालवायला काय होतंय मला? हो बाजूला."

त्यांनी खोक्यातून खेकडा काढला, टाचेखाली घेतला आणि कात्री लावायला वाकले. वाकलेले तसेच राहिले. मग त्यांनी खेकडा उचलून डोळ्यांजवळ नेला, उताणा केला. सुतळीचं टोक उजवीकडे होतं. त्यांनी तो खाली ठेवून दुसरा काढला. मग तिसरा. मग खोकंच कलतं केलं आणि वरचे सगळे पाहिले. आणि नंतर त्यांनी अर्ध्या भिंतीकडे पाहिलं, भरणीच्या टेबलाकडे, आणि तिथून सुनेच्या हातांकडे.

त्यांनी कात्री स्टुलावर ठेवली आणि उठून बांधाच्या दिशेनं चालायला लागले. पाचदहा पावलांत धुक्यानं त्यांना गिळलं.

सुनेच्या हातात तेव्हा एक खेकडा होता, एक नांगी मोकळी केलेला. तिचं लक्ष धुक्यात होतं. त्यानं तिचं डाव्या हाताचं पहिलं बोट धरलं.

ती अशी ओरडली की थंड खोलीतली माणसंसुद्धा बाहेर आली. बाया धावल्या. एकीनं खेकड्याला हात घालून ओढायला सुरुवात केली तसा तो आणखी आवळत गेला.

"ओढू नका!" धुक्यातून आरोळी आली. "सोडा त्याला! कुणी ओढू नका!"

आबा धावत येत होते. त्या वयात, त्या निसरड्या कोब्यावर. त्यांनी येता येता पायानं पाण्याची बादली पुढे सरकवली, तिचं मनगट धरलं आणि खेकड्यासकट हात पाण्यात बुडवला.

"हलू नकोस. अजिबात हलू नकोस. श्वास घे. माझ्याकडं बघ."

"आबा, आबा..."

"माझ्याकडं बघ म्हटलं ना. त्याला वाटू दे आपण घरी आलो. आता सोडील. सोडतोच तो."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. म्हाताऱ्याच्या पापण्यांवर धुक्याचे थेंब होते. मग बोटावरचा भार गेला आणि बादलीतलं पाणी लाल झालं.

दवाखान्यात टाके पडेपर्यंत आबा दाराशी उभे होते. मग ते तिला घरी घेऊन आले. त्यांनीच चूल पेटवली, त्यांनीच भात टाकला. भात खाली लागला. करपलेला वास घरभर पसरल्यावर ते पहिल्यांदा बोलले.

"किती दिवस चाललं होतं?"

"थोडे दिवस."

"खरं बोल."

"गारठा पडायला लागल्यापासून."

आबांनी भाताचं भांडं खाली आपटलं. "मला सांगायचं होतंस!"

"कसं सांगू?"

"तोंडानं! देवानं दिलंय ना? लहान पोराच्या मागं फिरून ढुंगण पुसावं तशी माझ्या मागं फिरत होतीस. सगळं शेड बघत असेल. आणि मी तुला शिकवत होतो. तेल लावताना. हलक्या हातानं फेरा घे म्हणून!" त्यांचा आवाज चिरकला. "हसली असशील मनात."

"नाही हो आबा."

"हसली असशील."

"थोडी हसले," ती म्हणाली. "आणि मग रडले. तुम्हाला वाटलं तुमचं बोलणं लागलं."

आबा भिंतीकडे तोंड करून बसले. बाहेर खाडीला भरती लागल्याचा आवाज येत होता.

"मला भीती वाटली," सून म्हणाली. "तुम्ही घरी बसाल आणि मग आपलं बोलणंच थांबेल. पहिल्यासारखं होईल. वाढलंय, वाढ, पुरे. मला ते नको होतं."

त्यांनी मान वळवली नाही. पण बऱ्याच वेळानं करपलेला भाग वेगळा काढून वरचा पांढरा भात तिच्या ताटात वाढला, आणि खालचा आपल्या.

पुढचे दोन दिवस दोघंही घरी होते. आबा अंगणात फेऱ्या मारत. दाराची कडी सैल होती, ती त्यांनी ठोकली, मग जास्त घट्ट झाली म्हणून पुन्हा सैल केली. बोलणं फार नव्हतं, पण अगदी बंदही नव्हतं. ते मध्येच विचारायचे, ठणकतंय का? ती म्हणायची, नाही. ते म्हणायचे, खरं बोल. ती म्हणायची, ठणकतंय.

मग एका सकाळी दारातून ऊन आत आलं. समोरच्या काठाची झाडं पानापानानिशी दिसत होती. थोड्याच वेळात ताईंचा निरोप आला: विमानं उठायला लागलीत, तळ्यातले जगलेले खेकडे आणि नवा माल सगळा एकदम बांधायचा आहे, हात असलेल्या प्रत्येक माणसानं यावं.

आबा डोक्याला टापशी गुंडाळून दारात उभे राहिले.

"चल."

"कुठं? माझा हात बघा की."

"उजवा चालतोय ना?"

"उजव्यानं फेरा घेईन. पण नांगी कोण धरणार?"

"मी धरीन. धरायला मला काही होत नाही. माझा पाय शाबूत आहे, तळवा शाबूत आहे. गाठ तेवढी राहत नाही." पहिल्यांदाच त्यांनी ते असं उघड म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर जरा दम घेतला. "तुझं धरणं गेलंय, माझं बांधणं गेलंय. दोघांत मिळून एक माणूस होतोय. तेवढा एक शेडला द्यायला नको?"

ताईंनी दोघांना येताना पाहिलं आणि त्या काही बोलायच्या आत आबाच म्हणाले, "ताई, गाठी सगळ्या हिच्या. मी नुसता धरणार. फोटोबिटो काय असेल तो आता मला दाखव, हिला नको."

ताईंचा चेहरा उतरला. "आबा, मीच सांगायला हवं होतं."

"हवं होतं," आबा म्हणाले. "बसू कुठं?"

दोन स्टुलं समोरासमोर मांडली. आबांनी टाचेखाली खेकडा घेतला, दोन्ही तळव्यांनी नांग्या आत दाबून धरल्या. सुनेनं सुतळीचं एक टोक दातात धरलं आणि उजव्या हातानं फेरा घेतला. पहिला खेकडा होईपर्यंत शेजारणींचे तीन झाले. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. सुतळी आबांच्या अंगठ्याभोवतीच बांधली गेली.

"मला पाठवतेस का परदेशी?" आबा म्हणाले.

"भोकाचं खोकं मोठं मागवावं लागेल."

शेजारची बाई हसली, मग तिच्या शेजारची. त्या दिवशी कामाला खरा वेग असा दुपारनंतर आला. आबा धरायचे, ती बांधायची, खेकडा खोक्यात पडायच्या आत आबांचा हात पुढच्यावर गेलेला असायचा. संध्याकाळी उशिरा गाडी सुटली तेव्हा दोघांच्या माना आखडल्या होत्या. वाटेवर आबा म्हणाले, "गाठ तू चांगली मारतेस. पोटाखालचा फेरा माझ्यापेक्षा चांगला." आणि पुढे चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आरशापुढे अडकली. खेकड्यांच्या चिखलानं केस बरबटले होते, म्हणून तिनं कसेबसे एका हातानं धुतले होते. आता वेणी काही जमेना. तीन पेड करायचे तर पट्टीचं बोट मध्ये येई. परदेशी जाणाऱ्या मालाच्या कामाला केस घट्ट बांधून वर टोपी घातल्याशिवाय आत घेत नसत. तिनं एकदा घातली, सुटली. पुन्हा घातली, सुटली. कंगवा खाली पडला.

आबा दारात होते. किती वेळचे, कोण जाणे.

"उशीर होतोय," ते म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढं. शेजारणीला सांगते."

"शेजारीण गेली मघाच." त्यांनी घसा खाकरला. "होडीचे दोर वळलेत मी. तीन पेडांचेच असायचे. बस तिथं."

"नको हो आबा, काहीतरीच!"

"बस म्हटलं ना. तोंड तिकडं कर."

ती उंबऱ्यावर बसली, खाडीकडे तोंड करून. आबा मागे स्टुलावर बसले. त्यांनी कंगवा मुठीत धरला आणि टोकापासून वर असे केस विंचरायला लागले, दुखू नये म्हणून मुळाशी दुसरा हात धरून. हे त्यांना कुणी शिकवलं होतं, की कधीकाळी सासूचे केस त्यांनी विंचरले होते, ते तिनं विचारलं नाही. तिच्या आईनंतर तिच्या केसांना कुणाचा हात लागला नव्हता. ती डोळे मिटून बसली.

पेड जाड होते, तळव्यांत मावत होते. ते एकावर एक पडत गेले. शेवटाशी आले तसे आबा अडले. रिबीन बारीक होती. ती त्यांच्या बोटांतून सटकत होती. ते पुन्हा धरत, पुन्हा सटके. मागून त्यांचा जोरजोरात चाललेला श्वास तिला ऐकू येत होता. ती हलली नाही, मागे हातही नेला नाही.

"झालं," अखेर ते म्हणाले. "बघ, जमलीय का?"

तिनं वेणी पुढे घेऊन पाहिली. एक पेड मोठा, एक बारीक, मधे दोन ठिकाणी केस बाहेर आलेले.

"जमलीय," ती म्हणाली.

"खरं बोल."

"छान जमलीय, आबा."

बांधावरून जाताना वाऱ्यानं रिबीन ढिली झाली, आणि शेडच्या दाराशी पोचेपर्यंत खालचा पेड उलगडला होता. टोप्यांच्या खुंटीपाशी शेजारीण भेटली. तिनं वेणीकडे पाहिलं आणि तोंडाला हात लावला.

"अगं, काय हे! कुणी घातली? ये इकडं, वळ. दोन मिनिटांत नीट घालून देते."

आत आबा स्टुलं समोरासमोर मांडत होते. त्यांची पाठ इकडे होती.

"राहू दे," सून म्हणाली. तिनं सुटलेली वेणी तशीच गोळा केली, टोपीखाली घातली आणि आत गेली.